कारभारींची अखंड हजेरी

विद्यार्थी हा महाविद्यालयाचा कणा आहे, असं प्रत्येक संस्थेच्या अहवालात पहिल्याच पानावर छापलेलं असतं. आता कणा मोडला की माणूस आडवा होतो, हे खरं. पण महाविद्यालय होत नाही. ते कण्याशिवायही ताठ उभं राहतं, त्याला दरवर्षी रंग लागतो आणि नव्या कमानीचं उद्घाटनही होतं. ही गोष्ट जीवशास्त्राच्या पुस्तकात अजून आलेली नाही, पण श्रीगोंदा तालुक्यात ती सगळ्यांना ठाऊक आहे.

प्राध्यापक गहिनीनाथ औटी यांना तर ती फारच जवळून ठाऊक होती. श्रीगोंद्याहून काष्टीकडे जाताना उसाच्या मधोमध एक कमान लागते. तिच्या आत कला व वाणिज्य महाविद्यालय आहे आणि तिथे औटी सर तर्कशास्त्र शिकवत. शिकवत म्हणजे, त्यांची नेमणूक त्या विषयावर होती. (नेमणूक आणि शिकवणं यांचा काही संबंध असतो असं नाही, हे त्यांच्याच विषयाच्या पहिल्या धड्यात सिद्ध करता येतं.) नियम असा होता की वर्गात वीस विद्यार्थी असले तर विषय जिवंत, एकोणीस झाले की विषय बंद आणि शिक्षक अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकाला संस्था वाटेल तिथे धाडते. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी सरांसाठी जागाही हेरून ठेवली होती: पार जामखेडच्या पलीकडे संस्थेचं वसतिगृह होतं, तिथे रेक्टर. सरांनी तर नुकतंच श्रीगोंद्यात घर बांधलं होतं, बायको तिथल्याच शाळेत होती आणि दारातला आंबा यंदा पहिल्यांदा मोहरला होता. त्यांना जायचं नव्हतं. हे त्यांनी कुणापासून लपवलंही नाही.

पण विद्यार्थी आणायचे कुठून? हुशार पोरं राहुरीला शेतकी शिकायला जात. बरी पोरं पुण्याला जात. उरलेलीही पुण्यालाच जात, पण पार्सलं पोचवायला. म्हणून दरवर्षी प्राध्यापक मंडळी काष्टीच्या बाजारात प्रवेश मोहिमेवर निघत. ज्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे सौदे होतात, तिथेच दोन महाविद्यालयांचे प्राध्यापक एका बारावी पास पोराच्या बापाचा एकेक हात धरून उभे असत. फरक इतकाच की बैलाचे दात बघतात. पोराचं काही बघायची पद्धत नव्हती. एस.टी.चा पास, फुकट वह्या, हजेरीची सक्ती नाही, (अगदीच अडलं तर) परीक्षेचीही नाही, अशी बोली चढत जाई. एकदा सरांनी घाम गाळून एक पोरगा वळवत आणला, तर त्यानं विचारलं, तर्कशास्त्र शिकून काय होतं? सर प्रामाणिक माणूस. ते विचार करायला थांबले आणि तेवढ्यात शेजारच्या कॉलेजनं पोरगा उचलला.

अशा रीतीनं विषय शेवटच्या घटका मोजत असताना, देवाची कृपा म्हणा, महामारी आली.

महामारीनं जगाचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. उच्च शिक्षणाचे मात्र तिनं कितीतरी जुनाट रोग बरे केले. गैरहजेरी संपली, कारण कुणी यायचंच नव्हतं. कॉपी संपली, कारण पुस्तक उघडं ठेवून बसायला कुणाचीच आडकाठी राहिली नाही. नापास होणं तर देवी रोगासारखं समूळ गेलं. ग्रंथालयातली पुस्तकं वापरून फाटायची थांबली. (ती आधीही फाटत नव्हती, पण आता तसं लेखी कळवता आलं.)

सरकारनं महाविद्यालयाची इमारत विलगीकरणासाठी घेतली. तर्कशास्त्राच्या खोलीतले बाक हलवले, खाटा टाकल्या, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, आणि देखरेखीला औटी सर. पहिल्या सकाळी सर दारातून डोकावले आणि त्यांना गलबलून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी आपला वर्ग असा भरलेला पाहिला नव्हता. वीस माणसं, समोर बसलेली, आणि बाहेर जायला कायद्यानं बंदी.

तर्कशास्त्राच्या माणसाला एवढं पुरे झालं. वर्गात असतो तो विद्यार्थी. हे वर्गात आहेत. म्हणून हे विद्यार्थी आहेत. कार्यालयातल्या योगेश क्लार्कनं शंका काढली की यातले बरेचसे चौथीच्या पुढे गेलेले नाहीत. त्यावर सर म्हणाले की बारावी नसलेल्यांसाठी पूर्वपरीक्षा असते. ती यंदा झालेली नाही. जी परीक्षा झालीच नाही तिच्यात कुणी नापास होऊ शकत नाही. म्हणून सगळे पास. योगेशनं प्रवेश अर्जांचा गठ्ठा काढला. तर्कशास्त्राचा उपयोग त्याला प्रथमच दिसला होता. काकासाहेबांनी फोनवरून सरांची पाठ थोपटली. खाटांवरच्या मंडळींनी विनातक्रार सह्या-अंगठे दिले. त्या दिवसांत ती माणसं कशा-कशावर अंगठे देत होती, त्यात हा एक.

प्रवेश झाले म्हणजे तास झाला पाहिजे आणि तास झाला म्हणजे फोटो पाहिजे. सर दोन मास्क लावून दारात उभे राहिले. उदाहरणं ओळखीची द्यावीत, असं त्यांना एका प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, म्हणून त्यांनी सगळ्यांत जवळच्या खाटेवरचं नाव घेतलं. खाटेवर कारभारी दरेकर होते, उसाची शेती, वय साठीच्या पुढं, खोकला चालू.

सर्व माणसं मर्त्य आहेत, सर म्हणाले. कारभारी हे माणूस आहेत. म्हणून...

आपण कुणाचं नाव घेतलंय हे सरांच्या इथे ध्यानात आलं.

“मनून कारभारी बी मरनार,” कारभारींनीच धडा पुरा केला. “येवढं सांगाया कालेज कशाला पायजे, सर?”

सगळी खोली हसली. पलीकडच्या रांगेत कारभारींची बायको मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. फोटो झकास आला.

पुढच्याच आठवड्यात कारभारींना दम लागला. त्यांना गाडीत घालून नगरला नेलं. जाताना त्यांनी दारातून हात वर केला, तो सरांनी आणि मनकर्णाबाईनं, दोघांनी पाहिला. परत आला तो एक कागद. माणूस काही घरच्यांना दाखवला नाही. तेव्हा कुणालाच दाखवत नव्हते.

सरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, हे आधी सांगायला हवं. घास गोड लागेना. पण विसांतून एक गेला की एकोणीस उरतात आणि एकोणिसांनंतर जामखेड लागतं. शेवटी त्यांनी डोळे पुसले, हजेरीपट उघडला आणि कारभारींच्या नावापुढं ‘हजर’ लिहिलं.

आणि खरोखर, असा विद्यार्थी महाविद्यालयाला पुन्हा मिळाला नाही. त्यानं कधी शिष्यवृत्तीची चौकशी केली नाही. मोर्चा नाही, गाडीला फटफट आवाजाची पुंगळी लावून आवारात घिरट्या नाहीत. ऑनलाइन परीक्षा आली तेव्हा गावाकडं रेंज नसते म्हणून विसांच्या विसांची परीक्षा योगेशनंच कार्यालयात बसून दिली. नियमात उमेदवार ऑनलाइन असावा अशी अट होती. जिवंत असावा अशी नव्हती. कारभारी प्रथम श्रेणीत पास झाले. सर्व माणसं मर्त्य आहेत. कारभारी मेलेले नाहीत, उलट दुसऱ्या वर्षाला गेले आहेत. तेव्हा विद्यार्थी हा माणसात मोडत नाही, एवढाच निष्कर्ष निघत होता. काकासाहेबांना तो पटण्यासारखा होता.

घोटाळा केला मोबाईलनं. नवरा-बायकोचा नंबर एकच. ‘अभिनंदन कारभारी, आपण उत्तीर्ण झाला आहात’ असा संदेश मनकर्णाबाईच्या हातात पडला. कॉलेजं उघडली तशी ती बाजाराची पाटी डोक्यावर घेऊन थेट कमानीतून आत आली. खराखुरा विद्यार्थी येताना पाहून योगेशनं हजेरीपट टेबलाखाली सारला. अशा प्रसंगी काय करावं, याबद्दल कुठलंच परिपत्रक नव्हतं.

सर हात जोडूनच उभे राहिले. आता ही रडणार, ओरडणार, पेपरात देणार. ते पुटपुटले की मावशी, चूक झाली, आत्ता नाव कमी करतो.

“नगा कमी करू,” ती म्हणाली. “रेशनकारडातून काडलं, सोसायटीतून काडलं, सातबाऱ्यावरनं काडलं. समद्यांनी काडलं. तुमच्याकडंच तेवढे ऱ्हायलेत. आन मी त्यास्नी शेवटचं बगितलं ते हितंच. तुमी फकस्त हजेरी घ्या, मी ऐकते.”

सरांनी हजेरी घेतली. रिकाम्या खोलीत वीस नावं. कारभारी दरेकर, असं म्हणून ते थांबले, आणि पाटीशेजारी बसलेली मनकर्णाबाई म्हणाली, “हजर.”

मग ती दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. आलीच आहे तर शिकवावं, म्हणून सर शिकवू लागले आणि आपल्याला शिकवता येतं हे पाहून त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ती मेथीच्या काड्या निवडत ऐके. जिथं पटत नसे तिथं मान हलवी. मूल्यांकन समिती आली तेव्हा समितीनं ‘शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास एक, अत्यंत समाधानकारक’ असा शेरा मारला आणि हुरडा खाऊन गेली.

तिसरं वर्ष आलं आणि मनकर्णाबाईला कळलं की हे शेवटचं. पास झाले की नाव हजेरीपटावरून जातं. ती सरांपुढं बसली आणि म्हणाली की त्यांना नापास करा. पालकानं असा अर्ज केल्याचं उदाहरण संस्थेच्या इतिहासात नव्हतं. सरांनी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला. आता परीक्षा खोलीत बसून द्यायची होती, पर्यवेक्षक ते स्वतःच होते, आणि मेलेला माणूस पेपरला येणार नाही, इतपत तर्क त्यांना अजून करता येत होता. शंभर टक्के निकालाची परंपरा मोडली तर काकासाहेब आपल्याला जामखेडलासुद्धा ठेवणार नाहीत, हेही त्यांना कळत होतं. तरी त्यांनी कारभारींच्या रिकाम्या बाकाकडं पाहिलं आणि नावापुढं स्पष्ट अक्षरांत ‘गैरहजर’ लिहिलं. तीन वर्षांत त्यांच्या हातून लिहिलं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य. फार हलकं वाटलं त्यांना.

निकाल लागला. कारभारी विशेष प्रावीण्यासह पास. सरांनी योगेशला गाठलं तर तो समजुतीनं हसला. म्हणाला, “सर, तुमची लिहिताना चूक झालती. मी दुरुस्त केली.”

मनकर्णाबाई दाखला घ्यायला आली. सरांना तिच्याकडं बघवेना. काकासाहेबांनी त्यावर तोड काढून ठेवली होती: याच विसांवर तर्कशास्त्राचं एम.ए. सुरू करायचं. नावं तीच, फोटो तोच. सरांची नोकरी राहील आणि कारभारींची हजेरीही. सरांनी हे तिला सांगितलं, घाईघाईनं आणि थोडं आशेनं. तिनं दाखला पुढं केला आणि वाचून दाखवा म्हणाली.

सरांनी वाचलं. नाव: कारभारी महादू दरेकर. वर्तणूक: उत्तम. महाविद्यालय सोडण्याचे कारण: शिक्षण पूर्ण.

“नगरच्या कागदावर कारन लई वंगाळ लिवलं हुतं,” ती म्हणाली. “ह्ये बरं हाय. शिक्षन पुरं झालं मनून गेले. ह्येच ऱ्हाऊ द्या. माझं नाव ठिवा पाहिजे तर, पर त्यांचं आता नगा घालू सर. लई शिकले ते.”

तीन वर्षांत ती पहिल्यांदा रडली, ती त्या खोलीत, पाटीवर हात ठेवून. औटी सर तिच्या शेजारी बाकावर बसून राहिले. मग त्यांनी एम.ए.च्या यादीतलं कारभारींचं नाव खोडलं. म्हणून कारभारी गेले. धडा पुरा झाला.

यादीत आता एकोणीस उरलेत, तेव्हा जामखेड अटळ, असं आपल्याला वाटत असेल. वाचकांनी सरांची काळजी करू नये. आपण इथवर आलात, मध्येच उठून गेला नाहीत, एकही प्रश्न विचारला नाहीत, आणि मेलेल्या माणसाची हजेरी लागत होती तेव्हा हसलातही. प्रवेशाला एवढी पात्रता पुरेशी आहे. योगेशनं विसावं नाव आपलंच घातलंय. यायची गरज नाही. निकालाचा संदेश आपोआप येईल, अभिनंदन वाचून बरंही वाटेल. फक्त तेव्हा एकदा मनगटावर बोट ठेवून नाडी बघा. लागली तर उत्तमच. नाही लागली, तरी नियमाची काही हरकत नाही.