वर्तक डॉक्टरांचे दिवे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोला, सुनंदालासुद्धा नाही. अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये माझी पाठ अजिबात दुखत नव्हती. तिनं ती तीन आठवडे शेकली आणि मी शेकून घेतली. या गोष्टीला आठ वर्षं झाली. ती सांगायची तर आधी वर्तक डॉक्टर सांगायला हवेत, आणि वर्तक डॉक्टर म्हणजे गाडीचे दिवे.

इथं इंग्लंडात, मेडनहेडला, ते आमच्या शेजारी राहतात. भूल देणारे डॉक्टर. माणसाला झोपवण्याआधी सगळं तीनतीनदा तपासायचं आणि केसपेपरवर लिहून ठेवायचं, ही हॉस्पिटलातली सवय त्यांनी घरीही चालू ठेवली. बॉयलर बिघडला तरी त्याचा केसपेपर होई. दर उन्हाळ्यात ते आणि नलिनीवहिनी गाडी बोटीत घालून युरोपात जात, आणि त्याची तयारी जानेवारीत सुरू होई, कारण तेव्हा चार वाजताच अंधार पडतो आणि दिवे तपासता येतात.

इथल्या गाड्यांच्या दिव्यांचा झोत डावीकडे जरा वर उचललेला असतो, रस्त्याच्या कडेचा माणूस दिसावा म्हणून. युरोपात गाडी उजवीकडून चालवायची, म्हणजे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून काचेच्या तेवढ्या भागावर काळी टेप लावायची. इतर लोक बोटीवर चढण्यापूर्वी पाच मिनिटांत लावतात. वर्तक डॉक्टरांनी त्यासाठी जुन्या एक्स-रेची फिल्म कापून साचा केला होता. कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे होता तो. साचा काचेवर धरायचा, टेप सर्जिकल कात्रीनं कापायची, गाडी गॅरेजच्या दाराकडे तोंड करून लावायची, दारावर खडूनं रेघा मारायच्या. आणि मग समोरचा लागे. समोरचा म्हणजे मी.

मला किचनमधल्या स्टुलावर, गॅरेजपुढच्या ड्राइव्हमध्ये, थंडीत, समोरून येणारा फ्रेंच माणूस म्हणून बसवत.

"डोळ्यांवर येतंय?"

"नाही, डॉक्टर."

"खोटं बोलू नका, पाटणकर. तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात. टेबलावर पेशंट 'मी नाही घाबरत' म्हणतो ना, तेव्हा त्या मोठ्या होतात. तोंड काहीही बोलो, मी बाहुल्या वाचतो."

की पुन्हा टेप सोलायची, पुन्हा कापायची. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, तो फ्रेंच माणूस तुम्हाला ओळखतसुद्धा नाही." त्यावर ठरलेलं उत्तर आलं, "समोरच्याचा विचार करा, पाटणकर. हे सगळं आपल्याला दिसावं म्हणून नाही, त्याला दिसावं म्हणून आहे." हे वाक्य त्यांनी सगळीकडे लावलं. पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतो म्हणून हॉलमधला दिवा पडद्यामागे. फ्लॅश कुणाच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून गणपतीचे सगळे फोटो अंधारे. एका फोटोत गणपती कुठला आणि मी कुठला, हे अजून ठरलेलं नाही.

शहाऐंशीत नलिनीवहिनी गेल्या. मग नवीनच अडचण उभी राहिली. आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. उजवीकडून चालणाऱ्या देशात पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरून कोण येतंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, डाव्या सीटवरच्याला दिसतं. त्या सीटवर वीस वर्षं वहिनी होत्या. त्या दोनच शब्द बोलत, "जा" किंवा "नको". डॉक्टरांनी आधी झाडूच्या दांड्याला आरसा बांधून पाहिला. तो पहिल्याच राउंडअबाउटवर पडला. मग ते माझ्याकडे वळले.

कारणही होतं. वहिनींना वर्ष व्हायच्या आत मुलीनं, शुभानं, गेंटमधल्या एका बेल्जियन मुलाशी लग्न केलं, म्हणून डॉक्टर लग्नाला गेले नव्हते. दीड वर्ष दोघं बोलत नव्हते. आता शुभाला मुलगी झाली होती आणि तिनं आपणहून फोन केला होता, बाबा, बारसं ऑगस्टमध्ये ठेवलंय, या. हे सगळं त्यांनी मला टेप कापता कापता एका दमात सांगितलं आणि लगेच म्हणाले, "कात्री धरा." सावंतवाडीहून मागवलेला लाकडी पाळणा टपावर बांधून न्यायचा होता. मी हो म्हटलं.

मग तीन महिने दर रविवारी एम-फोर मोटरवेवर माझी तालीम. इथं डाव्या सीटवरून काहीच दिसत नाही, तरी मी बोलायचं. "जा" किंवा "नको". एकदा मी "बहुतेक जा" म्हणालो, तर सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या पुढच्या थांब्यावर, गाडी थांबवून त्यांनी मला 'बहुतेक' या शब्दानं किती माणसं मरतात ते समजावलं. शेवटच्या आठवड्यात टाइप केलेलं वेळापत्रक आलं. त्यात मी लघवीला कुठे आणि किती वाजता जायचं, तेही होतं. तो कागद वाचून मी सोफ्यावर आडवा झालो आणि सुनंदाला म्हणालो, पाठ धरली. दुसरं काही कारण नव्हतं. मला त्या माणसाचा कंटाळा आला होता.

डॉक्टर पाच मिनिटांत आले. माझा पाय सरळ वर उचलला, तो मुकाट्यानं काटकोनापर्यंत गेला. कण्हायचं माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि डावी बाजू दुखते म्हणालो होतो तर कण्हलो उजव्या पायाला. त्यांनी वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग आमच्याच हॉलमधून शुभाला फोन लावला. "पाटणकरांची पाठ धरलीय. त्यांना असं टाकून कसा येऊ?" पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. रिसीव्हर ठेवून डॉक्टरांनी माझ्या पाठीखाली उशी सरकवली.

बारसं त्यांच्याविना झालं. पाळणा नंतर पार्सलनं गेला. टेप मात्र त्यांनी काढली नाही. "पाठ बरी झाली की निघू," म्हणत. दर संध्याकाळी येऊन माझी पाठ बघत. टेप लावून इथं फिरतात म्हणून एका पोलिसानं अडवलं, तर त्यालाच अर्धा तास झोत समजावला. नोव्हेंबरात त्यांनी ती गुपचूप सोलून टाकली. शुभा दोनदा इकडे येऊन गेली. डॉक्टर गेंटला कधीच गेले नाहीत.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूपायी त्यांनी गाडी विकायला काढली. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात म्हणाले, "आता मीच समोरचा." गाडी रिकामी करायला मी गेलो. पुढच्या खणात गुडघ्याचा साचा होता आणि त्याखाली ते वेळापत्रक. कागदाच्या मागे त्यांच्या अक्षरात केसपेपर होता, इंग्रजीत. पाटणकर, वय बेचाळीस. पाय नव्वद अंश, विनासायास. बाहुल्या मोठ्या. पाठ ठणठणीत. आणि खाली फक्त एक ओळ मराठीत होती: 'विचारू नये. ओशाळतील.'

"काही सापडलं का?" त्यांनी दारातून विचारलं.

"एक्स-रे सापडला," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना आता माझ्या बाहुल्या दिसतात की नाही, मला माहीत नाही.

गाडी मीच घेतली. वर्तक डॉक्टरांना मी गेंटपर्यंतचा एक प्रवास देणं लागतो, आणि त्याआधी एक वाक्य, की माझी पाठ दुखत नव्हती. दोन्ही अजून दिलेली नाहीत.