नदीपलीकडचे अकरा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सीमा ओलांडायची असेल, तर आमच्या मलेशियातल्या आख्ख्या पासिर मासमध्ये माझ्याइतका जाणकार माणूस नाही! दुकान माझं टायरचं, पण कुणाला थायलंडमध्ये, कोलोकला जायचं असलं की पंक्चर नसतानासुद्धा गाडी माझ्या दारात उभी राहते. नदीवरचा पूल कधी मोकळा असतो, कुठल्या खिडकीवरचा साहेब चटकन शिक्का मारतो, सगळं मला तोंडपाठ!

त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं, इझवानचं, कोलोकच्या नुरीदाशी जमलं, तेव्हा साखरपुड्याची मंडळी न्यायची कुणी हा प्रश्नच नव्हता.

"दादा, सगळं तुझ्यावर सोपवतेय," बहीण रोकिया म्हणाली. "फक्त उशीर होऊ देऊ नकोस. नुरीदाच्या आजीनं मागचं स्थळ का परत पाठवलं, माहितेय ना?"

माहीत होतं. ते पाहुणे थेट जेवणाच्या वेळेला उगवले होते. म्हातारीनं दारातूनच सांगितलं, "ज्यांना माझं घर वेळेवर सापडत नाही, त्यांच्या हाती मी नात देत नाही." ताटं झाकलेली होती तशीच परत!

"रोकिया, तू कुणाशी बोलतेयस? रझालीशी!" मी म्हणालो. "त्यांनी बोलावलंय अकराला. पलीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे. म्हणजे आपल्याकडे बारा वाजतील, तेव्हा तिकडे अकरा. संपला विषय!"

"मामा, पण नुरीदा म्हणत होती की..." इझवान मध्येच बोलला.

"तू गप्प बैस! नवऱ्या मुलानं साखरपुड्यात तोंड उघडायचं नसतं. खरं तर यायचंसुद्धा नसतं. तू व्हॅन चालवायला येतोयस, व्हॅन चालव!"

रीतच आहे तशी. बोलणी मोठ्यांनी करायची, मुलानं घरी बसून घाम पुसायचा. इझवान बिचारा व्हॅन पुसायला गेला.

शनिवारी सकाळी निघालो. मी, बायको कलसोम, रोकिया आणि मागे सात सजवलेली ताटं. अंगठी, विड्याची पानं, कापड, बूट, पर्स, फळं आणि एक गुलाबी केक. आमच्यात ताटं विषमच हवीत. सम ताटं घेऊन गेलं, तर पोरीकडचे सोडाच, आपलेच लोक जन्मभर टोमणे मारतात.

रांताउ पांजांगला, पुलाच्या अलीकडे, पोचलो. मी खिशातून मोबाइल काढला. अजून साडेदहासुद्धा नाही! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"इझवान, गाडी बाजूला घे. भरपूर वेळ आहे. आधी पोटपूजा करू."

"अहो, ऊन बघा कुठवर आलंय," कलसोम म्हणाली. "मला नाही वाटत एवढा वेळ असेल."

"उन्हाला काय कळतंय? हे बघ, मोबाइल! हा उपग्रहाशी बोलतो. तू कुणाशी बोलतेस?"

"तुमच्याशी बोलते, तेच चुकतं," ती म्हणाली आणि गाडीतून उतरली.

गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात मागवला, तळलेला मासा मागवला, वर दोन-दोन ग्लास चहा झाला. इझवान एक घास खाऊन सारखा मोबाइलवर बोटं चालवत होता. "प्रेमात पडलं की भूक मरते!" मी आख्ख्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणालो. तो कसनुसा हसला.

तेवढ्यात कलसोम बाजारात शिरली. वेळ आहे म्हटल्यावर बाई बाजारात शिरणारच! परतली ती बाटिकची ओढणी घेऊन, तीही ताटात सजवलेली, वर फुलं लावलेली.

"पोरीला शोभेल," ती म्हणाली.

"अगं पण आठ झाली ना ताटं!" रोकिया किंचाळली.

"मग एक कमी करा!"

कुठलं कमी करायचं? केक तसाही उन्हानं वाकायला लागला होता. मी तोडगा काढला. दहा मिनिटांत केक आम्ही पोटात घातला आणि ताटं पुन्हा सात! अडचण आली रे आली की असा मार्ग काढता आला पाहिजे माणसाला.

मग आरामात पूल ओलांडला. पलीकडच्या खिडकीवर थाई साहेबांनी पासपोर्ट उघडले. त्यांच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी ते पाहिलं, माझा मोबाइल पाहिला. दोन्हीत एकच वेळ, पावणेबारा!

"साहेब, तुमचं घड्याळ तासभर पुढे गेलंय," मी आपुलकीनं सांगितलं.

साहेब हसले. चांगलं मलय बोलत होते. "काका, घड्याळ बरोबर आहे. मोबाइलला नदी दिसली की तो आमचा टॉवर पकडतो आणि आपोआप मागे येतो. तुम्ही काय, यातून पुन्हा तास वजा केलात?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं!

"कुठे निघालात एवढी ताटं घेऊन?"

"साखरपुड्याला. अकराला बोलावलंय."

"कुणाच्या अकराला? आमच्याकडे तुमच्या बाजूचा पाहुणा असला, तर त्याला त्याचीच वेळ सांगतात. पाहुण्याला हिशेब करायला लावणं बरं दिसत नाही. माझी आईसुद्धा तसंच करते."

"हेच सांगत होती नुरीदा," इझवान खाली बघत पुटपुटला.

म्हणजे एक तास मोबाइलनं खाल्ला, दुसरा त्यांच्या पाहुणचारानं! रोकिया तिथेच ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. "माझ्या पोराचं लग्न मोडलंस रे दादा!" इझवानकडे बघायची तर हिंमतच होत नव्हती. त्याला वडील नाहीत, मीच काय तो मोठा. आणि मी केक खात बसलो होतो!

नुरीदाच्या घराशी व्हॅन थांबली. इझवान रीतीप्रमाणे गाडीतच बसला. ओटीवर आजी ताठ बसल्या होत्या. आता ताटं परत, असं म्हणून मी डोळेच मिटले.

"या, या! अगदी ठरल्या वेळी आलात!"

मी डोळे उघडले. आजींच्या मागे भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्यात दहाच वाजले होते! तिकडचे दहा म्हणजे आमचे अकरा. हे कसं झालं ते मला कळेना, पण आयतं मिळालेलं कौतुक नाकारणारा माणूस मी नव्हे.

"आमच्या घराण्यात वेळ म्हणजे वेळ!" मी छाती काढून म्हणालो आणि रीतीप्रमाणे मागणीच्या ओळी खड्या आवाजात म्हटल्या:

"फूल पाहिलं कुंपणावरती, मालक कोण ते पुसतो;
नदी ओलांडून वेळेवर आलो, ओंजळ पुढे मी करतो!"

'वेळेवर' म्हणालो आणि मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली.

आजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दहा वाजता दुपारची अजान?"

मी झटकन म्हणालो, "आजी, ती नदीपलीकडची! आमच्याकडे वेळ पुढे आहे ना, म्हणून अजान आधी होते!"

"हो का? मग तुमच्याकडचा सूर्य पासपोर्ट दाखवून वेगळा येतो वाटतं? आणि वेळेवर निघालेल्या पाहुण्याच्या मिशीला गुलाबी केक कसा लागला?"

मी मिशी पुसली. आजी उठल्या आणि आतल्या दाराकडे वळून म्हणाल्या, "नुरीदा, सकाळपासून दोनदा घड्याळाखाली स्टुलावर चढलीस. मी डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते."

आतून बारीक आवाज आला, "आजी, इझवानचा मेसेज आला होता. मामा घेऊन येतायत, दोन तास जास्त धर म्हणाला."

टपरीवर बसून तो हेच करत होता तर!

आजी पोट धरून हसायलाच लागल्या. "माझ्या घड्याळाला हात लावायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पोरगी त्या मुलासाठी एवढं करते, तर मी काय बोलणार! आणि आपला मामा कसा आहे हे ज्याला सकाळीच कळतं, तो मुलगा संसार नीट करील. बोलवा त्याला गाडीतून आत. रीत मी बघून घेईन."

अंगठी चढली. रोकिया पुन्हा रडली, पण आता आनंदानं. मीही रडलो, खोटं कशाला बोलू!

लग्न पुढच्या महिन्यात आहे. रोकियानं मला बजावून सांगितलंय, सकाळी नऊला ये. काल शेजारचा एकजण टायर बदलायला आला होता. जाताना म्हणाला, "मग भेटू लग्नात, अकराला!" मी कलसोमला विचारलं, हा काय प्रकार आहे? ती ओढणी तोंडाला लावून आत गेली.

आणि लग्न आमच्याच गावात आहे हो! मध्ये नदीसुद्धा नाही!