आपल्याकडे राहणारा सरडा

कोणी काहीही ठामपणे सांगितलं की ढोबळे काकांचा एकच प्रश्न असतो, "खवले मोजले का?"

दूधवाला म्हणाला, दूध एकदम प्युअर आहे. "खवले मोजले का?" शेजारच्या मंदाकाकू म्हणाल्या, होणारी सून फार शांत आहे. "खवले मोजले का?" मंदाकाकू त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण एरवीही त्यांच्याशी फारसं कोणी बोलत नाही.

काका इथल्याच, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी बेडूक, साप, विंचू बरण्यांत भरले आणि वर सुबक अक्षरांत लेबलं लावली. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन भोपाळला असते. आमच्या भिंतीला लागून काका एकटे राहतात आणि रोज सकाळी लोधीखेड्याच्या रस्त्याकडच्या खडकाळ पडीत जमिनीवर सरडे बघायला जातात.

नुसतं 'सरडे' म्हटलेलं त्यांना चालत नाही.

"सरडा मतलब काय वं? उद्या तुले कोणी नुसतं 'माणूस' म्हणून हाक मारन, चालन का?"

मला चाललं असतं.

त्यांचा सरडा वीतभरही नाही. झाडावर चढत नाही, जमिनीवरच पळतो. मागच्या पायाला चारच बोटं. उन्हाळा लागला की नर दगडावर बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, मिटतो, उघडतो. असे सरडे इतर ठिकाणीही आहेत, त्यांना नावंही आहेत. पण आपल्या पडीतल्याचा पंखा लहान आहे, त्यावर निळ्या रेषेखाली नारिंगी पट्टा आहे आणि पाठीवरचे खवले मोजणीत जुळत नाहीत, म्हणून तो वेगळा आहे, असं काकांचं म्हणणं. काठीला दोऱ्याचा फास लावून ते त्याला अलगद पकडतात, भिंगाखाली खवले मोजतात, वहीत लिहितात आणि "माफ कर भाऊ" म्हणून त्याच दगडावर सोडतात.

"संत्र्याच्या गावात राहून नारिंगी झाला असन," मंदाकाकू म्हणाल्या.

"तुमी बी इथंच राहता," काका म्हणाले. पुन्हा महिनाभर अबोला.

माझी आणि त्यांची ओळख इंग्रजीमुळे झाली. मी पांढुर्ण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आता नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. त्यामुळे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही, हे मला बरं वाटतं. एका दुपारी काका वही घेऊन दारात उभे राहिले. दूरच्या एका संस्थेतल्या सरड्यांच्या शास्त्रज्ञांना पत्र लिहायचं होतं.

"लिही. सविनय निवेदन है कि..."

"काका, हे हिंदी आहे."

"अर्जाची सुरुवात अशीच असते वं. पुढचं तू इंग्रजीत कर."

तीन दुपारी ते सांगत होते आणि मी लिहीत होते. बोटं, पंखा, खवले. शेवटी ते म्हणाले, "अन् लिही, हा आपल्याकडे राहते." मी लिहिलं, 'द लिझर्ड इज विथ अस.' माझ्या मोबाइलवर काढलेले फोटो जोडले आणि मेल पाठवली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मी ते मराठीत करून वाचून दाखवलं. 'आदरणीय श्री. ढोबळे, तुमच्या नोंदी वाचून फार आनंद झाला. जात नवी असण्याची शक्यता आहे. सरडे तुमच्याकडे असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तर स्पिरिटमध्ये जतन केलेले नमुने पाठवावेत. नमुन्याशिवाय नव्या जातीला नाव देता येणार नाही.'

मी पाठवलेली मेल उघडून पाहिली. काकांना म्हणायचं होतं, सरडा आपल्या भागात राहतो. मी लिहिलं होतं, तो आपल्या ताब्यात आहे.

"काका, चूक माझी आहे. मी तसं कळवते त्यांना."

"थांब," काका म्हणाले. "बरणी हाये घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. काकांच्या एका हातात फासाची काठी होती, दुसऱ्या हातातल्या पिशवीत बरणी आणि स्पिरिटची बाटली. बरणीवर लेबल आधीच लावलेलं होतं. त्यावर 'सौंसर' एवढंच लिहून नावाची जागा कोरी सोडली होती.

नर दगडावर होता. त्याने पंखा उघडला, मिटला, मान फिरवून आजूबाजूला पाहिलं, पुन्हा उघडला.

"मागच्या साली पाच-सहा होते," काका हळूच म्हणाले. "यंदा हा एकटाच दिसून राहिला. रोज येते, रोज पंखा खोलते. पाहाले कोणीच नाई."

त्यांनी काठी पुढे केली. फास सरड्याच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर होता. सवयीचा झाला असावा, तो हललाही नाही. काकाही हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी काठी मागे घेतली आणि दोरा सोडवून खिशात ठेवला.

"जिंदगीभर हेच काम केलं म्या," परत येताना ते म्हणाले. "बरणीत गेल्यावरच नाव भेटते. माणसाचं बी तसंच हाये. फोटोले हार घातला का मंग खाली पूर्ण नाव लिहितेत."

मी हसले. तेही हसले, पण थोडंसंच.

घरी आल्यावर त्यांनी उत्तर सांगायला घेतलं. नमुना उपलब्ध नाही, तसदीबद्दल क्षमस्व. एवढं झाल्यावर म्हणाले, "त्यायचं पत्र वाच बरं एक डाव."

मी नमुन्यांचा भाग वाचायला लागले.

"ते नाई वं. पहिली ओळ."

मी वाचलं, "आदरणीय श्री. ढोबळे, तुमच्या नोंदी वाचून फार आनंद झाला."

काका थोडा वेळ वहीच्या कडा सरळ करत बसले. मग म्हणाले, "आता नमुना नाई म्हटल्यावर ते परत काऊन लिहितेत? शेवटी एखादा प्रश्न टाक. मतलब त्यायले जवाब द्यावा लागन."

"कोणता प्रश्न?"

त्यांनी पुष्कळ विचार केला.

"विचार, तुमच्याकडं संत्रे चांगले भेटते का म्हणून."

सरड्यांच्या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात ती ओळ फारच विचित्र दिसत होती. मी ती इंग्रजीत लिहिली, तपासली आणि तशीच जाऊ दिली.