बसून राहण्याचा हुकूम

काचीगुड्याच्या सरकारी नळ कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकायला सांगितलं. हैदराबाद संस्थान नुकतंच हिंदुस्थानात सामील झालं होतं. कारभाराला वळण लावायला बाहेरून अधिकारी येत होते. हे प्रतापराव नागपूरचे.

“मला सगळे दिसले पाहिजेत,” ते म्हणाले. “साहेबाची नजर असली की काम आपोआप होते.”

मग सगळी टेबलं फिरवून त्या उघड्या चौकटीकडे तोंड करून लावली गेली. त्यामुळे खिडक्यांचा उजेड पाठीमागे गेला, आणि छताचा एकुलता एक पंखा रिकाम्या फरशीला वारा घालू लागला. कारकून शेरवानीच्या आत घामानं निथळत होते, पण तक्रार कुणी केली नाही. निजामाच्या वेळच्या नोकरांची छाटणी होणार, अशी बोलवा सुलतान बाजारपर्यंत पसरली होती.

एक गोष्ट मात्र प्रतापरावांच्या लक्षात आली नव्हती. त्यांना जसे सगळे दिसत, तसे तेही सगळ्यांना दिसत. आणि जुना रिवाज असा, की साहेब उभा राहिला की कचेरीनं उभं राहायचं. साहेब कपाटातली फाईल काढायला उठले, की कचेरी उठे. माठातलं पाणी प्यायला उठले, की कचेरी उठे. एकदा त्यांच्या विजारीत मुंगी शिरली, तेव्हा तर सकाळचं सगळं काम खोळंबलं.

सर्वांच्या आधी उठत ते हेड क्लार्क एकनाथराव. उभी हयात नोकरीत गेलेली, पेन्शन जवळ आलेली, गुडघ्यांत वात. तरी साहेबाची खुर्ची करकरली की ते ताठ उभे.

“काय करून राहिले तुम्ही लोक!” शेवटी प्रतापराव ओरडले. “उद्यापासून कुणीही, कुणासाठीही उठायचं नाही. जो उठेल तो घरी जाईल.”

दुसऱ्या दिवशी साहेब आत आले. कचेरी बसून राहिली. एकनाथराव मात्र अर्धे उठलेच. शेजारच्या टेबलावरच्या भगवंतरावांनी त्यांची शेरवानी धरून त्यांना खाली ओढलं.

“नोकरी प्यारी नै का, एकनाथराव?”

“मी कुठं उठायलोय? गुडघेच उठायलेत.”

दिवसभर भगवंतरावांचा एक हात लिहिण्यात आणि एक हात शेरवानीवर. संध्याकाळी एकनाथरावांनी घरी बायकोला सगळं सांगितलं. पद्मावतीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“मग खुर्चीला बांधून घ्या की.”

त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. पण एकनाथरावांना तो तोडगा पटला. सकाळी कचेरीत येऊन त्यांनी कमरेभोवती आणि खुर्चीच्या पाठीभोवती उपरणं गुंडाळून पक्की गाठ मारली, शेरवानीचा घेर वरून पसरला आणि ते नव्या सरकारात प्रथमच निवांतपणे कामाला लागले.

नेमक्या त्याच दिवशी, काही न कळवता, बडे साहेब आले. कोणत्या कचेरीतल्या जागा कमी करायच्या, हे तेच ठरवत होते. ते दारातून आत आले आणि थबकले. एक माणूस उठला नाही. भगवंतरावांनी तर वरही पाहिलं नाही.

आतून प्रतापरावांनी त्यांना पाहिलं मात्र, ते ताडकन उभे राहिले आणि “उठा, उठा!” अशा खुणा दोन्ही हातांनी करू लागले. साहेब परीक्षा बघतायत असं समजून कारकुनांनी माना आणखी खाली घातल्या.

एकनाथराव उठले. बड्या साहेबापुढं त्यांचा इलाजच चालेना. ते उठले, त्यांच्याबरोबर खुर्ची उठली. सलाम करायला ते कमरेत वाकले, तसे खुर्चीचे पाय छताकडे झाले आणि भगवंतरावांची दौत त्यांच्याच अंगावर पालथी पडली.

“हे काय?” औरंगाबादेत वाढलेले बडे साहेब मराठीतच म्हणाले.

एकनाथराव वाकलेलेच होते. “हुजूर, उठायचा रिवाज आहे, बसायचा हुकूम आहे. म्हणून उठलो बी आहे, बसलो बी आहे.”

नोकरी गेलीच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यामुळे भीतीही गेली. दार, टेबलं, मुंगी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. भगवंतराव मागून गाठ सोडवत होते. बडे साहेब घाम पुसत ऐकत होते. ऐकता ऐकता ते पंख्याखालच्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी प्रतापरावांना विचारलं,

“तुम्ही स्वतः दिवसभर काय काम करता?”

“नजर ठेवतो, सर.”

“नजर ठेवायच्या आधी नळाला पाणी येत नव्हतं?”



“येत होतं की, साहेब,” शाईनं निळे झालेले भगवंतराव म्हणाले. “बरकतपुऱ्यात आता येईना. तिथली तक्रार लिहायला बसलं की उठायची वेळ व्हायची.”

थोड्याच दिवसांत वरून निर्णय आला. या कचेरीत एक जागा जादा आढळली होती, ती नजर ठेवण्याची. प्रतापराव नागपूरला परत गेले. तिथं त्यांना बढती मिळाली, असं कानावर आलं. पुढचा हुकूम येईपर्यंत कचेरीचा कारभार एकनाथरावांकडे सोपवला गेला.

त्या दिवशी पद्मावतीबाईंनी त्यांना दहीसाखर दिली. एकनाथराव धुतलेली शेरवानी घालून, गुडघे सांभाळत जिना चढले आणि त्यांनी कचेरीत पाऊल टाकलं. त्याबरोबर खुर्च्या सरकल्या आणि झाडून सगळी कचेरी उभी राहिली.

कोण आलं म्हणून एकनाथरावांनी दचकून मागं पाहिलं आणि घाईघाईनं बाजूला होऊन रिकाम्या जिन्याला कमरेत वाकून सलाम केला.