एकट्याचं धरायचं नाही

श्रीधर तोडणकरांना पाऊस दिसला, तरी ते वाळत घातलेले कपडे लगेच काढत नाहीत. आधी अंगणात येतात, तळहात पुढे करतात, त्यावर थेंब पडू देतात आणि कुंपणापलीकडून मला हाक मारतात, "पाऊस पडतोय का हो?" मी खिडकीतून हात बाहेर काढून "पडतोय" म्हटलं, की ते समाधानाने मान हलवतात आणि दोरीकडे वळतात. तोवर कपडे भिजलेले असतात.

रत्नागिरीत मांडवीला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. सुरुवातीला वाटलं, गृहस्थांना कमी दिसत असावं. तसं नाही. मिरकरवाडा बंदराकडे परतणारा ट्रॉलर कोणाचा, ते गच्चीवरून ओळखतात. ओळखतात आणि मला विचारतात, "तुम्हाला कोणाचा वाटतो?"

"तुम्ही ओळखलात ना?"

"ओळखला. पण एकट्याचं धरायचं नाही."

हे त्यांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. बाजारात ते एका कोळणीला विचारतात, "बांगडा कालचा की आजचा?" तिचं उत्तर ऐकून चार टोपल्या सोडून बसलेल्या दुसरीकडे जातात आणि पहिलीच्या टोपलीकडे बोट दाखवून तोच प्रश्न करतात. एकदा पहिलीने त्यांना सुनावलं, "काय वो काका, बायको बघायला गेलेलात तवा पण शेजारणीला इचारलंनीत?" तोडणकर गंभीरपणे म्हणाले, "विचारलं होतं. जुळलं, म्हणून लग्न केलं."

टीव्हीवरच्या बातम्या त्यांना चालत नाहीत. मी वर्तमानपत्रात नोकरी केली आहे, तेव्हा एकदा बाजू मांडली. दोन वाहिन्यांनी एकच बातमी दिली आहे, म्हणजे दोन साक्षीदार झाले, असं म्हणालो. त्यांनी दोन्ही वाहिन्या आलटून पालटून लावल्या. दोन्हीकडे तीच वाक्यं, त्याच क्रमाने. "हे दोन नव्हेत," ते म्हणाले. "दोघांनी एकाच ठिकाणाहून उचललंय. दोन साक्षीदार म्हणजे आपसात न बोललेले दोन." या विषयावर इतकं अचूक बोललेला संपादक मला नोकरीत भेटला नव्हता.

हे वेड कामातून आलेलं आहे. तोडणकर मूळचे इथलेच. आयटीआय करून दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या प्रयोगशाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तिथे विश्वकिरण मोजत. अवकाशातून येणारे कण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, त्यातून नवे कण निघतात आणि त्यांच्यातले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात. छपरातून, माणसातून, फरशीतून आरपार जातात. तोडणकर पाहुण्यांना तळहात आडवा धरायला लावतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "गेला एक." पाहुणा हात पुसतो.

हे कण पकडायला खास प्लॅस्टिकची पाटी लागते. कण पार झाला की तिच्यात अगदी क्षीण उजेड चमकतो आणि तो यंत्राने टिपायचा. अडचण ही, की कण नसतानाही यंत्र कधीकधी उगाच टिपतं. म्हणून पाट्या दोन, एकीवर एक. दोन्ही एकाच क्षणी चमकल्या तर कण गेला. एकच चमकली तर सोडून द्यायची. तोडणकरांनी नोकरीभर या पाट्या चकचकीत कागदात आणि काळ्या कागदात गुंडाळल्या, बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून चिकटपट्टीने बंद केल्या, तपासल्या आणि जोडल्या. आयुष्यभर एकट्या पाटीचं म्हणणं फेकून दिलेला माणूस घरी आल्यावर नुसत्या स्वतःच्या डोळ्यांवर विसंबत नाही, यात नवल नाही.

निवृत्तीनंतर जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना मोडीत निघालेल्या काही पाट्या पाठवल्या. त्यातून त्यांनी कॅरमबोर्डाएवढे दोन डबे बांधले, प्रत्येकात एकीवर एक दोन पाट्या. एक स्वतःच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवला. दुसरा महामार्गावरच्या हातखंब्याला, मेव्हण्याच्या, म्हणजे वसंत मयेकरांच्या टायरच्या दुकानाच्या माळ्यावर. दोन्ही डबे रात्रंदिवस म्युऑन मोजतात आणि आपापल्या मेमरी कार्डावर नोंदवतात. आणि साक्षीदारांनी आपसात बोलायचं नाही, या नियमाने तोडणकर मेव्हण्याशी बोलत नाहीत. फोन नाही, जाणं-येणं नाही. दुसरं कार्ड कोणी ना कोणी त्या बाजूला गेलं की घेऊन येतं.

मी म्हटलं, "नियम डब्यांना असेल. माणसांना कशाला?"

"डब्याशेजारी माणूस असतोच," ते म्हणाले आणि विषय संपला.

त्यांच्या पत्नी, सुमनताई, मी इथे येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे. रुंद कपाळ, बाकदार नाक, डावी भुवई जरा वर चढलेली, समोरचा काहीतरी थाप मारतो आहे असं वाटत असल्यासारखी. मी येण्याआधी पावसाचं कोणाला विचारत होतात, असं एकदा सहज विचारलं. "तेव्हा घरात दोघं होतो ना," ते म्हणाले.

दर रविवारी ते बांगड्याचं कालवण करतात आणि मला जेवायला बोलावतात. पहिल्या घासालाच प्रश्न येतो, "मीठ कसं आहे?" मीठ दर रविवारी बरोबर असतं. मी तसं सांगतो. तोडणकरांचा चेहरा दर रविवारी उतरतो. पुढच्या खेपेला ते तिरफळं वाढवतात, कोकम कमी करतात, नारळ वेगळ्या झाडाचा घेतात. मी पुन्हा सांगतो, उत्तम झालंय. ते पुन्हा खाली मान घालून जेवतात. स्वयंपाकाच्या स्तुतीने खिन्न होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

यंदा थंडीच्या अखेरीस ते एका रविवारी सकाळीच माझ्या दारात उभे राहिले. चपला उलटसुलट घातल्या होत्या.

"मोजणी पडलीय," ते म्हणाले. "परवा दुपारपासून. शंभरातले दोन-तीन कमी येतायत."

मी विचारलं, म्हणजे काय झालं असेल?

दोन शक्यता होत्या, आणि त्यांनी त्या हेडलाइनसारख्या सांगितल्या. सूर्यावर मोठा उद्रेक झाला, तर तिथून सुटलेला लोट आपल्यासोबत चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो आणि बाहेरून येणारे कण काही दिवस अडवून धरतो. मग जगभर मोजणी पडते आणि हळूहळू सावरते. ही पहिली. दुसरी अशी, की डबा बिघडला आहे. हवेचा दाब वाढला तरी मोजणी पडते, पण तो त्यांनी आधीच हिशेबात धरला होता. दोष तिथे नव्हता.

"डोंगरावर फोन करून विचारा ना."

"त्यांचं कळलं तर मला माझ्यातही तेच दिसायला लागेल. आधी आपलं आपल्याशी जुळू दे." मग त्यांनी चपला काढून नीट घातल्या. "हल्ली पट्टी लावताना हात हलतो हो. डबा मीच बांधलेला आहे. तो चुकत असेल तर मी चुकतोय. तसं असेल तर दोन्ही डबे उतरवतो आणि बंद करतो. पुन्हा बांधणार नाही."

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. त्या डब्यांशिवाय ते घरात काय करतील, याचा विचार मी त्यांच्यासमोर केला नाही.

मी हातखंब्याला जाऊन दुसरं कार्ड आणायचं ठरलं. निघताना त्यांनी बजावलं, "इथे काय दिसलं ते वसंताला सांगायचं नाही. तुम्हाला गप्प बसायची सवय आहे ना?"

"मी पेपरात होतो. छापायची सवय आहे."

"मग दुपारपर्यंत मोडा ती सवय."

हातखंबा तिठ्यावर वसंत मयेकर ट्रकचं चाक खोलत बसले होते. त्यांनी मान वर केली. रुंद कपाळ, बाकदार नाक, डावी भुवई वर. फोटोतलाच चेहरा, फक्त मिशी लावलेला.

"भावोजींनी पाठवलंनीत काय?" त्यांनी हात पुसले. "चला, देव माळ्यावर हाय. रोज अगरबत्ती लावायची तेवढी रायलीय."

डब्यावर त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर कापून खोळ शिवली होती. वीज गेली तर अडू नये म्हणून शेजारी ट्रकची बॅटरी जोडून ठेवली होती. हे करायला त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"परवा काही वेगळं घडलं का इथे?" मी ठरलेला प्रश्न विचारला.

"काय घडतंय? कोल्हापूरचा एक टेम्पो तीनदा पंक्चर झाला." कार्ड काढून देताना ते म्हणाले, "जेवतात काय वेळेवर?"

"रविवारी कालवण करतात."

"भावोजी?" त्यांची भुवई आणखी वर गेली. "पाणी तापवायचं तरी आक्काला हाक मारायचे वो! आक्काच्या दिवसांनंतर हा डबा घेऊन आले, म्हणाले, वसंता, आजपासून आपण बोलायचं नाय. माझ्याकडे बघत पण नव्हते. भिंतीकडे बघून बोलत होते. मी म्हटलं, आमचं काय चुकलं? तर म्हणे, शास्त्राचा नियम हाय."

मी फोटोतल्या चेहऱ्याकडे, म्हणजे वसंत मयेकरांकडे पाहिलं. शास्त्राचा नियम माझ्या लक्षात आला.

"मी येऊ काय तुमच्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

मी तोडणकरांची सूचना आठवून पाहिली. "बोलायचं नाही असं ते म्हणालेत. यायचं नाही असं म्हणाल्याचं मला आठवत नाही."

दुकान पोरांवर सोपवून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. मांडवीत पोचल्यावर मी त्यांना पडवीत थांबवलं आणि कार्ड घेऊन आत गेलो. चुलीवर कालवण रटरटत होतं. तोडणकर तिथून तडक संगणकापाशी आले. कार्ड त्यांनी खाचेत दोनदा उलटं घातलं. शेवटी ते मी बसवलं.

पडद्यावर मांडवीची निळी रेघ होती. तिच्यावर हातखंब्याची लाल रेघ उमटत गेली. तोडणकर पाहत राहिले. मग खुर्चीवरून उठले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"तुम्ही बघा. मला काय दिसतंय ते मी सांगत नाही."

मी बातमी लिहावी तसं सांगितलं. दोन्ही रेघा शुक्रवारी दुपारी एकाच वेळी खाली जातात. दोन्ही जवळपास सारख्याच उतरतात. आजपासून दोन्ही हळूहळू वर यायला लागल्या आहेत.

"जुळलं?"

"जुळलं."

त्यांनी डोंगरावर फोन लावला. तिकडच्या कोणा तरुण शास्त्रज्ञाने सांगितलं, की त्यांच्याकडेही शुक्रवारी दुपारीच मोजणी पडली आहे, आणि रत्नागिरीचा आलेख पाठवता का, असं विचारलं. तोडणकर "पाठवतो" म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले, "त्यांचं यंत्र डोंगराएवढं आहे, आपलं कॅरमबोर्डाएवढं. वेळ तीच आहे." हे सांगताना ते प्रथमच ताठ उभे होते. मी पुष्कळ माणसांच्या यशाच्या बातम्या लिहिल्या. त्या दिवशी माझा ऊर भरून आला, हे नोंदवायला हरकत नाही. मांडवीतल्या एका गच्चीवरून, चिकटपट्टी लावलेल्या डब्याने, सूर्यावरच्या वादळाची चाहूल टिपली होती.

"दुसरा साक्षीदार बाहेर बसलाय," मी म्हणालो.

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. वसंत मयेकर पायरीवरून उठले. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, त्यातही तोडणकर जास्त वेळ.

"मोजणी झाली," शेवटी ते म्हणाले. "आता बोललं तरी चालेल."

"मग जेवायला वाढा," मेव्हणे म्हणाले. "उपाशी साक्षीदार खोटं बोलतो."

ताटं वाढली. पण सवय सुटली नव्हती. मला स्वयंपाकघरात बसवलं, वसंत मयेकरांना पडवीत. आधी माझ्यासमोर उभे राहून विचारलं, "मीठ कसं आहे?"

मी घास कसाबसा गिळला. "तोडणकर, आज जास्त झालंय. बरंच."

त्यांचा चेहरा उतरला नाही. "एकदा टाकल्यासारखं आठवत होतं," ते म्हणाले. "पण एकट्याच्या आठवणीवर काय धरायचं? म्हणून पुन्हा टाकलं." आणि ते पडवीकडे गेले. मी भिंतीआडून ऐकत होतो.

"वसंता, मीठ कसं आहे?"

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भावोजी," वसंत मयेकर म्हणाले, "हे तुम्ही केलंत? हे आक्काचं हाय. मिठाला तिचा हात असाच पडायचा, आमच्या आईसारखा. किती ओरडायचो आम्ही तिला!"

"मीपण ओरडायचो," तोडणकर म्हणाले.

ते आत आले, भांडं उचललं, माझ्याकडे न बघता "जुळलं" म्हणाले आणि पुन्हा बाहेर गेले. थोड्या वेळाने मलाही पडवीत बोलावलं. तोडणकर मेव्हण्याच्या अगदी समोर बसले होते आणि त्याच्या तोंडाकडे बघत जेवत होते. कालवण कोणी टाकलं नाही. भांडं पुसून घेतलं आणि त्या दुपारी तिघांनी मिळून अख्खा माठ रिकामा केला.