झिपरूची जीप आणि निळा शर्ट

एका जंगलात चक्क डांबरी रस्ता होता. हसू नका, मुलांनो, खरंच होता. त्या रस्त्यावर झिपरू नावाचं अस्वल वडाप चालवायचं. ससे, सांबरं, म्हाताऱ्या घोरपडी, जो भेटेल त्याला जीपमध्ये कोंबायचं आणि ओढ्यापासून बाजारापर्यंत न्यायचं. जीप नवी कोरी होती. तिच्यावरच त्याच्या घरची चूल पेटायची.

जीपबरोबर वॉरंटीची पुस्तिका मिळाली होती. तीन वर्षांत काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देणार होती. झिपरूची बायको मंजुळा हिने ती पुस्तिका देवघरात ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, पहिल्याच पानावर कुंकवाने स्वस्तिक काढलं. रोज पूजा होऊ लागली. इतक्या भक्तिभावाने पूजलेली वस्तू उघडून वाचायची असते, हे त्या घरात कुणाच्या मनात आलं नाही. तुमच्या घरात तरी येतं का?

झिपरूची नजर अधू आणि जीपचे दिवे मिणमिणते. दिवस मावळला की समोर वळण आहे की मेहुणा, हे त्याला कळत नसे. म्हणून तो वडाखालच्या गुणाजी मुंगसाकडे गेला. गुणाजी दिवसा कंपनीच्या शोरूममध्ये वायरमन होता आणि संध्याकाळी स्वतःचा मालक.

"दादा, असे दिवे बसवतो की पलीकडच्या डोंगरावरची घुबडं तक्रार करतील," गुणाजी म्हणाला.

त्याने मूळ वायर कापली, तिला दुसरी जोडली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. टपावर सहा दिवे लागले. मंजुळाने नारळ फोडला, जीपला हार घातला आणि एका सशाकडून सगळ्यांचा फोटो काढून घेतला. मधोमध पक्कड घेतलेला गुणाजी, नवरदेवाच्या थाटात.

दोन महिने झिपरू ऐटीत फिरला. मग एके दिवशी भर बाजारात जीपमधून धूर निघाला. आतल्या वायरी जळून कोळसा झाल्या होत्या. प्रवासी खाली उतरले आणि तरसाच्या जीपमध्ये जाऊन बसले. झिपरूला रडूच आलं. वायरिंग नवं मिळालं नाही, तर त्याचा धंदा बसणार होता.

शोरूमवर कोल्हेसाहेब होते. त्यांनी पुस्तिका घेतली आणि नखाने कुंकू खरवडलं. स्वस्तिकाखाली अकरावा नियम निघाला: वायरिंगला बाहेरच्या कुणी हात लावला आणि त्यातून बिघाड झाला, तर वॉरंटी नाही.

"स्वस्तिक नेमकं त्याच्यावरच आलं हो, साहेब," झिपरू म्हणाला.

"देवाची इच्छा," असं म्हणून कोल्हेसाहेबांनी पुस्तिका मिटली.

तेवढ्यात झिपरूला शेजारी सिंहमहाराजांची गाडी दिसली. तिच्या टपावर सहा दिवे लागत होते. लावणारा गुणाजी. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात तीच काळी चिकटपट्टी.

"साहेब, वायर तीच, पट्टी तीच, मुंगूसही तोच. मग महाराजांची वॉरंटी कशी जात नाही?"

"महाराजांची ती ॲक्सेसरी. तुमची ती छेडछाड."

"पण फरक काय?"

"शर्ट," कोल्हेसाहेब शांतपणे म्हणाले. "आमचा शर्ट अंगात असला की तो कंपनीचा. नसला की बाहेरचा."

झिपरू मान खाली घालून घरी आला. मंजुळाने सगळं ऐकून घेतलं, देवघरावरचा फोटो उतरवला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"डोळे फुटलेत ते ठाऊक आहे मला. जरा जवळून बघा."

दिवे बसवले त्या संध्याकाळी गुणाजी कामावरून थेट आला होता. शर्ट बदलायचा त्याने कंटाळा केला होता.

दुसऱ्या दिवशी झिपरूने फोटो कोल्हेसाहेबांच्या टेबलावर ठेवला. पलीकडे सिंहमहाराज चहा पीत बसले होते.

"साहेब, हा बाहेरचा आहे का?"

कोल्हेसाहेबांनी फोटो पाहिला, शर्ट पाहिला. मग त्यांनी हळूच महाराजांकडे पाहिलं.

"आमचाच आहे," ते पुटपुटले.

"मग त्याची जोडणी चुकीची होती का?" महाराजांनी कप खाली ठेवत विचारलं. "माझीही त्यानेच केली आहे."

"छे छे, महाराज. जोडणी उत्तम आहे. कंपनीचंच वायरिंग कच्चं निघालं."

चार दिवसांत झिपरूची जीप फुकट दुरुस्त झाली. दिवे पुन्हा बसले, गुणाजीनेच बसवले.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात बारावा नियम आला: शोरूमच्या फाटकाबाहेर पडताना कामगारांनी शर्ट काढून ठेवावा. तेव्हापासून गुणाजी वडाखाली उघड्या अंगाने कुडकुडत वायरी कापतो. झिपरूलाही एक पुस्तिका मिळाली. मंजुळाने ती लगेच देवघरात ठेवली. या वेळी स्वस्तिक तिने मागच्या पानावर काढलं.

तात्पर्य: मुलांनो, पुस्तिका वाचत बसू नका. बारीक अक्षरांनी डोळे बिघडतात, आणि डोळ्यांना वॉरंटी नसते. वायर खुशाल कापून घ्या, फक्त कापणाऱ्याला आधी शर्ट घालायला लावा आणि फोटो काढून ठेवा.