शेवंताकाकू आणि मागची सावली

शेवंताकाकू कुठलाही टीव्ही उघडण्याआधी त्याच्या काचेवर दोनदा टकटक करतात आणि विचारतात, "आत कोन हाय का?" आतून काही आलं नाही, की मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतात. एकदा एका पावण्यानं हसून विचारलं, "काकू, आणि आतून 'हाय' आलं तर?" काकू शांतपणे म्हणाल्या, "मग चहा वाढवायचा." पावणा टीव्ही तिथंच टाकून गेला. न्यायला चार दिवसांनी बायकोला पाठवलं.

कळंबला हमरस्त्यापासून थोडं आत त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. पूर्वी नवरा दुरुस्त्या करायचा. तो गेल्यावर सोल्डरिंग गन काकूंनी हातात घेतली, ती अजून खाली ठेवली नाही. भिंतीला लागून फुगीर काचांचे बंद टीव्ही मांडलेत. आत शिरलं की त्या साऱ्या काळ्या काचांतून आपणच आपल्याकडं बघत असतो. गावच्या बायका मिक्सर देतात, पण थांबतात रस्त्यावर.

मी पिंपळवंडीच्या शाळेत मास्तर. माझ्याकडं लहानपणीचा टीव्ही गेम होता. नव्या टीव्हीला लागावा म्हणून माझ्या मेव्हण्यानं त्याचं पोट फाडून वेगळी वायर काढली. हे त्यानं मोबाईलवर बघून केलं, आणि बहुधा अर्धंच बघितलं. चित्र मळकट झालं, त्यावर उभे पट्टे आले आणि प्रत्येक वस्तूच्या उजव्या अंगाला तिचीच एक फिकी सावली चिकटली. गेममधल्या एका शिपायाचे दोन झाले.

काकूंनी गेम उघडला आणि त्या चुकचुकल्या. "कुनी केलं हे? अँटेनाच्या डबीकडं जानारी जुनी तार तशीच ठिवली, आन् तिलाच नवी जोडली. निम्मं चित्र हिकडं, निम्मं तिकडं. वर ते वायरीच्या टोकाला आपटून माघारी येतंय, त्याची ही सावली. गुरुवारी या."

गुरुवारी म्हणाल्या, "न्हाई झालं." पुढच्या गुरुवारीही तेच. मला नवल वाटलं. काकूंचं काम म्हणजे आज टाकलं, उद्या तयार.

मग मी एका रविवारी भर दुपारी न सांगताच गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत काकू कुणाशी तरी बोलत होत्या.

"ये की. पाय उचल. धुकं वाढतंय, माझा झगा धर."

बाहेर रणरणतं ऊन होतं. मी डोकावलो. आत दुसरं कुणी नव्हतं. काकू पाटावर बसून माझा गेम खेळत होत्या. त्या गेममध्ये उजवीकडं जायचं असतं. काकू शिपायाला डावीकडं चालवत होत्या. तसं चालवलं की सावली मागं पडते. पडद्याची कड आली की त्याला माघारी न्यायच्या, आणि पुन्हा डावीकडं. ती फिकी आकृती अर्ध्या पावलावर निमूट मागं येत होती. "आली का? हां. चल."

निघून जावं म्हणून मी पाय मागं घेतला, तोच काकू मान न वळवता म्हणाल्या, "मास्तर, आत या." समोरच्या प्रत्येक काळ्या काचेत त्यांच्या पाठीमागं मी उभा दिसत होतो.

मी बसलो. काकूंनी खेळायचं हँडल खाली ठेवलं.

"कवाच झालंय," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिशी नीट केलं, बगितलं, आन् परत पयल्यागत करून ठिवलं."

"का हो काकू?"

"माझं माहेर घाटघर. धाकटी भन व्हती, यमुना. मी धाची, ती सात वर्साची. गुरांमागं निगालो की माझ्या मागं अशीच यायची, अर्ध्या पावलावर. एक दिस लई धुकं उतरलं. मी बोलत चालले व्हते, ती हुं हुं करीत व्हती. मग हुं आलं न्हाई. वळून बगितलं तर कुनी न्हाई." काकूंनी पदरानं पडद्याची काच पुसली. "आठ दिस गाव हुडकत व्हतं. चप्पलसुदिक घावली न्हाई."

"गेम राहू द्या तुमच्याकडं," मी म्हणालो. "असाच."

"न्हाई. ह्यो बिघाड हाय मास्तर, मानूस न्हाई. तुमची वस्तू आडकून ठिवली, चुकलं माझं."

त्यांनी गन तापवली. डबीकडं जाणारी तार कापली, एक बारीक ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर बसवला, जुना कपॅसिटर काढून नवा लावला. बटण दाबलं. पट्टे गेले, रंग लखलखले, झाडाचं पान न् पान दिसायला लागलं. आणि मधे तो शिपाई, एकटा.

काकू बघत राहिल्या. "लई मोकळं झालं," एवढंच म्हणाल्या.

गेमचं दुसरं हँडल माझ्या पिशवीतच राहिलं होतं. मी ते काढून जोडलं आणि त्यांच्या शेजारी खाली बसलो. पडद्यावर दुसरा शिपाई आला. काकूंनी आपला शिपाई चालवला, या वेळी उजवीकडं. मी माझा मुद्दाम अर्धं पाऊल मागं ठेवला. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं.

चार पावलांवर काकू थांबल्या.

"मागं नगा येऊ, मास्तर," त्या म्हणाल्या. "म्होरं व्हा. म्होरं असलं म्हंजी दिसतं."